वणांचा मान

आचिरोच्या लेकीला, चार वर्षांच्या लाकोतला, देवी आल्या. सासूने अंगावरचे फोड पाहिले आणि अचोली जमातीच्या रीतीप्रमाणे तिथल्या तिथे फर्मान सोडलं, "शेतापलीकडे झोपडी घाला. दारात हत्तीगवताचे दोन दांडे रोवा. आत जाईल ती फक्त लामवाका."

लामवाका म्हणजे आचिरोची धाकटी सवत. लहानपणी देवीतून उठलेली, तोंडभर वण. ज्याला एकदा येऊन गेल्या त्यानेच रोग्याचं करायचं, बाकी कुणी दांडे ओलांडायचे नाहीत, हे आचिरोलाही ठाऊक होतं. पण जाऊन जाऊन लामवाका! पाणवठ्यावर आचिरो तिला चारचौघींत 'किडका भोपळा' म्हणायची आणि आपला तुळतुळीत गाल मिरवायची.

"लेक माझी आहे. मी जाते," आचिरो म्हणाली.

"जा की," सासू म्हणाली. "मग दोघींना पुरायला कोण येणार, तेवढं सांगून जा."

झोपडी मात्र आचिरोनेच तयार केली. जमीन शेणाने सारवली, ताजं गवत अंथरलं, पाण्याचं मडकं, राखेची टोपली, लाकोतचा वेगळा तुंबा ठेवला. मग लामवाका पोरीला कडेवर घेऊन आत गेली. आचिरोच्या जिवाची काहिली झाली. भीती होतीच, पण त्याहून जास्त होता तो जळफळाट.

महिनाभर ती रोज नाचणीचा क्वोन, म्हणजे घट्ट उकड, आणि वाटलेले तीळ दांड्यांपाशी दगडावर ठेवायची आणि लांब उभी राहून कान द्यायची.

"ताई, आज दोन घास जास्त गेले हं!" लामवाका आतून ओरडायची.

"तुझ्या हातचे ना? जाणारच!" आचिरो फणकारायची.

आतून लाकोतचं हसू ऐकू आलं की तिला हायसं वाटायचं आणि लगेच त्यावर विरजण पडायचं. हसवतेय कोण, तर ती! पोर जगू दे, हे आचिरो मोठ्याने म्हणायची. तिने मला विसरू नये, हे मनातल्या मनात.

खपल्या पडल्या. सासूने दांडे उपटले. न्हाऊ घातलेली, डोकं भादरलेली लाकोत लामवाकाचं बोट धरून बाहेर आली. तिच्याही तोंडभर वण होते. आचिरोने हात पसरले.

पोर आली, मांडीवर बसलीसुद्धा. मग तिने स्वतःचा गाल चाचपला, आईचा चाचपला आणि वळून लामवाकाला विचारलं, "हिचे कुठे गेले गं?"

लामवाकाने मान खाली घातली. आचिरोने जन्मात पहिल्यांदा आपला गुळगुळीत गाल हाताने झाकला.