छपरावरचं ऊन हौदात

मला एखादी गोष्ट सुचली की ती आत्ताच्या आत्ता व्हायला हवी असते. त्या हिवाळ्यात फोपनार गावातल्या आमच्या मळ्यात उन्हात पडलेल्या जुन्या काळ्या पाईपला हात लागला, चटका बसला आणि मी ओरडलेच, "दादा, सापडलं!"

सापडलं होतं ते आप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी. लकवा मारून गेल्यापासून त्यांचा उजवा पाय ऐकत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, कोमट पाण्यात रोज चालवा. म्हणून दादानं, माझ्या भावानं, केळीला पाणी द्यायच्या हौदाला पायऱ्या केल्या, निळ्या फरशा लावल्या. घरची पोरं ऐटीत त्याला स्विमिंग पूल म्हणायची. पण पहिल्याच दिवशी त्या गार पाण्यातून आप्पा तसेच मागे फिरले. "मले कुडकुडवून मारशीन काय, माय?" म्हणाले आणि खाटेवर पडले ते पडलेच. उभं राहायचंही नाव काढीनात. मला फार भीती वाटायला लागली होती.

मी बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या शाळेत विज्ञान शिकवायची. काळा रंग ऊन शोषून घेतो, हे सांगून सांगून माझा घसा बसलेला, आणि स्वतःच्या मळ्यात ते सुचायला इतके दिवस लागले! केळी भरायच्या शेडच्या पत्र्यांवर आम्ही तो पाईप बऱ्हाणपूरच्या मावा जिलबीसारखा वेढे देत अंथरला, तारेनं बांधला. एक तोंड हौदातल्या लहान मोटारीला जोडलं, दुसरं परत हौदात सोडलं. मोटार लावली. थोड्याच वेळात ऊन ऊन पाणी पडायला लागलं! मी ओंजळ धरून नाचले. "पागल हो गई क्या?" दादा म्हणाला, पण दात तोही काढत होता.

संध्याकाळपर्यंत हौद छान कोमट झाला. पण वारं सुटलं होतं, म्हणून मोटार बंद केली आणि उद्या उतरायचं ठरलं. आप्पांनी बजावलं, "उद्या गार लागलं तं पुन्हा मले सांगू नको."

सकाळी हात घातला तर बर्फ! आदल्या सकाळपेक्षाही गार. माझं डोकंच फिरलं. बघते तर मोटार घरघरत होती आणि छपरावरून गारेगार पाणी हौदात पडत होतं.

"रात्री मोटार कोणी लावली?"

"लावायला कशाला पाहिजे? ऑटोवर आहे," दादा म्हणाला.

आमच्याकडे विजेचा नेम नाही, म्हणून मळ्यामळ्यात मोटारीच्या खोक्याला ऑटोचं बटण असतं. वीज आली की मोटार आपोआप सुरू. दिवसभर जमवलेलं ऊन आमच्या पाईपनं रात्रभर आभाळाला वाटून टाकलं होतं.

"ऑटोवर टाकली कोणी?" मी कडाडले.

"मीच सांगतलं गड्याले," खाटेवरून आप्पा म्हणाले. "सांजच्याले मोटार ऑटोवर न टाकता शेतकरी झोपते का?"

"आप्पा, हे केळीचं पाणी नाही, तुमचं आहे!"

 आप्पा हळूच म्हणाले, "मंग आज पाहू पुन्हा."

त्या दिवशी मी छपरावरच्या उन्हावरून नजर हलवली नाही. दुपार कलता कलता त्यांना दोन्ही हातांना धरून पायऱ्या उतरवल्या. पाणी छातीला लागलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. एक पाऊल, दुसरं पाऊल. मी उलट्या पावलांनी मागे सरकत होते आणि आनंदानं नुसती बडबडत होते. भिंतीला पाठ टेकली तेव्हा कळलं, माझे हात रिकामे होते. आप्पा माझ्यापासून लांब होते आणि आपले आपण चालत येत होते. मी रडले. खोटं कशाला सांगू?

ऊन शेडच्या मागे गेलं तरी ते बाहेर यायला तयार होईनात. शेवटी आले, अंग पुसलं, काठी घेतली. दादा त्यांना खाटेकडे न्यायला पुढे झाला, तर ते दुसरीकडेच वळले.

"कुठं चालले, आप्पा?"

"ऑटो बंद कराले."

आम्ही दोघं हात पुढे धरून मागे मागे गेलो. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. खोक्यापाशी पोचले आणि बटण त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं.