मिलिंद नाही म्हणाला होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे असावं.

रत्नागिरीत माझं ऑफिस आहे. विमा, म्युच्युअल फंड, निवृत्तीचं नियोजन. पाच माणसं कामाला आहेत, चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स आहे, लोक मला सर म्हणतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी हॉल घेऊन मेळावा करतो. चहा, बटाटेवडा, मग पाऊण तास मी बोलतो, आणि शेवटी एक गोष्ट सांगतो. धंदा वाढला तो त्या गोष्टीवर. आकडे लोक विसरतात. ती गोष्ट ऐकून मात्र बायका नवऱ्यांकडे बघतात आणि नवरे फॉर्म मागतात.

गोष्ट अशी — माझा एक जिवाभावाचा मित्र होता, वायरमन. मी त्याच्या मागे लागलो होतो, विमा काढ, बायको आहे, मुलगी आहे. तो हसला. म्हणाला, मला काय होतंय? आणि महिन्याभरात हायवेवर टँकरनं उडवला त्याला. इथं मी थांबतो. पाणी पितो. हॉल गप्प असतो.

मित्र खरा होता. मिलिंद जाधव. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. माझ्या पहिल्या ऑफिसचं — ऑफिस कसलं, झेरॉक्सच्या दुकानामागची खोली — सगळं वायरिंग त्यानं केलं आणि मजुरी विचारली तर शिवी घातली. टँकरही खरा. पण तो हसला?

नाही हो. हसला नव्हता. मी त्याच्या मागेही लागलो नव्हतो. तोच आला होता. एका साइटवर त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री परांचीवरून पडून गेला होता, त्याच्या घरी जाऊन आला होता मिलिंद. समोर बसला आणि म्हणाला, "माझा पन्नास लाखांचा काढ बाबा. आम्हाला काय पेन्शन नाय." फॉर्म भरला, सह्या केल्या, फोटो दिले, आधारची झेरॉक्स दिली. पुढचं काम माझं होतं — कागद पाठवायचे आणि त्याची मेडिकल तपासणी ठरवायची. अर्ध्या तासाचं काम.

मी तो फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला.

का? त्या दिवसांत माझा पहिला मोठा मेळावा होता. हॉल, फ्लेक्स, निमंत्रणं, पाहुणे म्हणून एक निवृत्त अधिकारी. आणि खरं सांगायचं तर — मिलिंदच्या फॉर्मात मला सुटत होतं ते थोडकंच. मोठी गिऱ्हाइकं आधी. मित्र काय, थांबेल. त्याचे दोन फोन आले. "मेडिकलला कधी जायचं रे?" मी म्हटलं, मेळावा होऊ दे, पुढच्या आठवड्यात नक्की. दुसऱ्या फोनवर त्यानं उलट मलाच विचारलं, हॉलमधली लाइट बघायला येऊ का? आला. दिवसभर शिडीवर होता. फॉर्म तेव्हा ड्रॉवरमध्ये होता. मला आठवण होती. विसरलो असतो तर निदान तसं म्हणता आलं असतं.

मेळावा झाला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

स्मशानातून मी घरी न जाता ऑफिसात आलो. फॉर्मचे तुकडे केले, फोटोचेही — मित्राच्या फोटोचे — आणि ते खिशात घालून बाहेर नेऊन टाकले. कोणी पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा सुषमावहिनींनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "भावोजी, ह्यांनी तुमच्याकडे काय विमा काढला होता का? मला म्हणाले होते, काढतोय म्हणून." त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मी खूप सांगितलं वहिनी. तो नाही म्हणाला."

 त्या म्हणाल्या, "म्हणजे मला खोटंच सांगितलं."

चार शब्द. त्या चार शब्दांत मिलिंद दुसऱ्यांदा गेला, आणि त्या वेळी टँकर नव्हता.

वहिनी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागल्या. अजून तिथंच आहेत. नवऱ्याचं नाव निघालं की विषय बदलतात, असं ऐकतो. मी दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवतो. त्या फोन करून आभार मानतात. एकदा म्हणाल्या, तुमचं ऐकलं असतं तर! मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, जाऊ दे वहिनी.

गेल्या वर्षी एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. गोष्ट सांगून झाली. टाळ्या झाल्या. दारात एक मुलगी थांबली होती — सिद्धी, मिलिंदची. तिथं ऑफिसात नुकतीच नोकरीला लागलेली, हे मला माहीत नव्हतं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, ते बाबाच ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मी नाही हां बाबांसारखी. माझा विमा काढा. आईच्या नावावर."

तिचे कागद मी त्याच दिवशी पाठवले. तपासणीला स्वतः गाडीतून घेऊन गेलो. वाटेत ती म्हणाली, लहानपणी बाबा खूप आवडायचे, पण आता त्यांचा राग येतो. समोर रस्ता होता, मी गाडी चालवत होतो, आम्ही दोघंच होतो. बोलायला कुणाची अडचण होती? एक वाक्य. मी एसी कमी करू का, असं विचारलं.

तिच्या पॉलिसीचं कमिशन जमा झालं. मी ते परत केलं नाही.

त्यानंतर ठरवलं, ती गोष्ट बंद. दोन मेळावे सांगितली नाही. लोक वडे खाऊन गेले, फॉर्म तसेच टेबलावर राहिले. परवा तिसरा मेळावा होता. हॉल भरलेला होता. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, माझा एक जिवाभावाचा मित्र होता.

अकरा फॉर्म भरले.