ठमीचा शेवटचा थेंब

आमच्या प्रयोगशाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत येतं काय, तर कुत्र्यामांजरांचं रक्त आणि शी. मी काउंटरवर बसते, म्हणजे ते सगळं आधी माझ्या हातात. कुणी जॅमच्या बाटलीत आणतं, कुणी आइस्क्रीमच्या डब्यात. एक बाई तर नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात घेऊन आल्या आणि वर मलाच म्हणतात, "डबा आठवणीने परत द्या हं!" पूर्वी मी अशा गोष्टी घरी जाऊन रंगवून सांगायचे. आता हसूही येत नाही. पाय सुजतात, फोन थांबत नाही आणि प्रत्येकाला आपलाच रिपोर्ट आधी हवा असतो.

आत यंत्रावर असतात थेंबेकाका. हे त्यांचं आडनाव नव्हे हो. जन्मभर थेंब मोजले म्हणून पडलेलं नाव, आणि ते मीच पाडलंय. रक्तात किंवा शीमध्ये कुठला परजीवी दडून बसलाय, ते त्याच्या डीएनएवरून ओळखायचं हे त्यांचं काम. सूक्ष्मदर्शकातून निसटतं ते यंत्र पकडतं. पण यंत्रात थेंब घालायला माणूसच लागतो. थेंब उचलायच्या पिपेटचं बटण दाबून दाबून काकांचा उजवा अंगठा पार कामातून गेलाय, शर्टाची बटणंही ते डाव्या हाताने लावतात. "कसे आहात काका?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अंगठा सोडून बरा आहे." चेहरा मात्र कधीच बरा दिसत नाही. वर्षानुवर्षांची झोप राहून गेल्यासारखा दिसतो.

ठमी ही त्यांची कुत्री. यंत्र यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तिला ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी अंदाज बांधला, की हिचं शरीर स्वतःचंच रक्त नासवतंय. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याच्या आत ठमी गेली. काकांनी तिच्या रक्ताची एक बाटली आमच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिली. यंत्र आलं त्या दिवशी सगळ्यात आधी त्यांनी तेच रक्त तपासलं. निघाला गोचिडीतून येणारा परजीवी. लाल पेशीत राहणारा, लहान जातीचा, बघणाऱ्याला सहज चकवणारा. त्याच्यासाठी वेगळं औषध होतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उलट त्याला मोकळं रान मिळालं.

तेव्हापासून ठमी आमच्याकडे कामाला लागली. म्हणजे असं, की यंत्राच्या प्रत्येक फेरीत, ज्याच्यात परजीवी आहेच अशी खात्री आहे तो एक थेंब घालावा लागतो. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. सोबत एक थेंब साधं पाणी. पडद्यावर कंट्रोलची रेघ वर चढली आणि पाण्याची आडवी राहिली, तरच समजायचं की यंत्र शुद्धीवर आहे आणि बाकीच्यांचे निकाल खरे. कंट्रोलच चढला नाही तर सगळी फेरी पाण्यात. तर हा कंट्रोल म्हणजे ठमी. तिच्या रक्तातून काढलेला डीएनए, हजारपट पातळ करून, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरलेला. शेकडो कुत्र्यांचे निकाल तिने खरे केले.

काकांनी घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नळ्या संपत आल्या आणि एकच उरली, तेव्हा कुठे बोलले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि एवढंच म्हणाल्या, "ती शेवटची नळी घरी आणा." ठमी गेली तेव्हा नगरपालिकेची गाडी येऊन तिला उचलून घेऊन गेली होती. पुरायला मिळालीच नव्हती. काकू म्हणाल्या, "अंगणातल्या लिंबाखाली पुरेन, तेवढंच माझ्या मनाला बरं वाटेल." काका मला म्हणाले, "संसार एवढा झाला, पण हिने कधी माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नाही गं." आमच्या डॉक्टरीणबाई माणूस चांगल्या. कारखान्यात तयार केलेला कंट्रोल विकत मिळतो, तो त्यांनी मागवला आणि नळी काकांना देऊन टाकली. काका ती घरी नेणार होते त्या दिवशी दुपारी काकूंचा मला फोन आला. "त्यांना आठवण कर गं बाई. मी खड्डासुद्धा खणून ठेवलाय."

आणि नेमका त्याच दिवशी एक टॅक्सीवाला आला. रक्ताची नळी शर्टाच्या खिशात, वरून हात दाबून धरलेला. त्याचा कुत्रा भोपळ्या. नाव भोपळ्या, पण चार दिवसांत पोट पाठीला लागलेलं. ताप, खाणं बंद आणि हिरड्या पांढऱ्या. पाठोपाठ दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन. "गोचिडीचा आजार असेल तर एक औषध, नाहीतर स्टेरॉइड. उलटं दिलं तर कुत्रा हातचा जाईल. आणि आज काहीच दिलं नाही तरी जाईल. लवकर सांगा." मी आत जाऊन निरोप दिला. काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हातमोजे चढवले.

तासाभराने बघते तर पडद्यावर सगळ्याच रेघा आडव्या. पाणी आडवं, भोपळ्या आडवा आणि तो विकतचा कंट्रोलही आडवा! पार्सल आलं तेव्हाच बर्फाचं पाणी झालेलं होतं, आल्यावर केलेल्या चाचणीच्या फेरीलाही त्याची रेघ रडतखडतच चढली होती. आता तर त्याने सपशेल हात वर केले. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. थंडीचे दिवस, गोचिडी कमी, त्यामुळे महिनाभरात या परजीवीचा एकही रुग्ण आला नव्हता, आणि त्याआधीचं उरलेलं रक्त नियमाप्रमाणे जाळायला गेलं होतं. नवीन कंट्रोल यायला चार दिवस. त्या म्हणाल्या, "मी दवाखान्याला कळवते, की सांगता येत नाही. काका, ती नळी तुमची आहे. मी मागणार नाही."

"मागू नकाच," काका खेकसले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी खेकसताना पाहिलं नव्हतं. "ती नळी मी घरी द्यायची कबूल केलीय. दर वेळी माझ्याच घराने का सोसायचं?" मग बराच वेळ खुर्चीत बसून अंगठा चोळत राहिले. बाहेर बाकावर टॅक्सीवाला मला तिसऱ्यांदा विचारत होता, "ताई, अजून किती?" मी त्याच्यावर ओरडले. खरं तर मला रडूच येत होतं, ओरडणं आपलं सोपं म्हणून ओरडले. परत आत गेले तर काका फ्रीजर उघडून उभे होते.

दुसऱ्या फेरीला ते पडद्यासमोरून हलले नाहीत. मी त्यांच्यामागे उभी. आधी काहीच नाही. मग एक रेघ जराशी उचलली, आणि बघता बघता सरळ वर गेली. "ही ठमी," काका म्हणाले. पाणी आडवं होतं. भोपळ्याही आडवाच राहिला, शेवटपर्यंत. म्हणजे त्याच्या रक्तात तो परजीवी नव्हता, त्याला स्टेरॉइडच द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी लगेच सही केली, मी दवाखान्यात कळवलं आणि टॅक्सीवाला जिना उतरून धावत गेला. साधं 'येतो'सुद्धा म्हणाला नाही. काकांनी रिकामी नळी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. उशीर झाला होता, म्हणून मी म्हटलं, चला, स्कूटरवर सोडते.

काकू फाटकातच उभ्या होत्या. हाताला माती. "आणलीत?"

"नाही," काका म्हणाले. "वापरली."

काकूंनी हातातलं खुरपं असं फेकलं, की माझ्या चाकावर येऊन आदळलं. "एवढं एकच मागितलं होतं मी! एवढंसुद्धा तुम्हाला जमलं नाही?" काकांनी खुरपं उचलून कडेला ठेवलं. मला काही गप्प बसवेना. मी टॅक्सीवाल्याचं, भोपळ्याचं, त्या नासक्या पार्सलचं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे त्याला तो रोग नव्हताच?" काकूंनी विचारलं.

"नव्हता."

"मग माझी ठमी कशाला खर्ची घातलीत?"

"नव्हता, हे सांगता यावं म्हणून," काका म्हणाले. "ती चढली म्हणून आम्हाला नाही म्हणता आलं. नाहीतर त्यालाही अंदाजानेच गोळ्या गेल्या असत्या."

काकू पायरीवर बसल्या. हाताची माती खरवडत राहिल्या. मग माझ्याकडे बघून बोलायला लागल्या. "ठमीला गोळ्या मी देत होते. सायीत घालून. ती थुंकून टाकायची. मी जबडा धरून परत कोंबायची. शेवटच्या दिवशीसुद्धा कोंबली. किती केविलवाणी बघत होती माझ्याकडे!" मग काकांकडे वळल्या. "त्या गोळ्या चुकीच्या होत्या, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं."

"कोणत्या तोंडाने सांगणार होतो तुला?" काका म्हणाले आणि तिथेच, त्यांच्या शेजारी, पायरीवर बसले. दोघंही इतके दमलेले दिसत होते, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी स्कूटर वळवली.

"थांब गं," काकू म्हणाल्या. "त्या कुत्र्याला गोळ्या कोण देणार आहे?"

"टॅक्सीवालाच. घरी एकटाच असतो तो."

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मग त्याला फोन कर. सांग, की याच गोळ्या बरोबर आहेत, तपासून घेतलंय. नीट समजावून सांग. कुत्रा थुंकेल, त्याच्याकडे बघेल, त्याचा जीव तुटेल. तरी म्हणावं, परत दे. न घाबरता दे."

मी तिथेच, फाटकात उभी राहून फोन लावला.