पिल्लाला हात लावायचा नाही

शहराबाहेर, उरल्याच्या पलीकडे आमचं थोडं शेत आहे. धान निघालं की तिथे मेंढ्या बसवतो. कच्छहून फिरत येणारं एक कुटुंब कळपासह मुक्काम करतं; जमिनीला खत मिळतं, त्यांना आम्ही धान्य देतो.

मागच्या हिवाळ्यात त्यांची राखणीची कुत्री थकली होती. शहरात, शंकर नगरातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली वाढणारं एक भुरं, मोठ्या पंजांचं पिल्लू मी पिशवीत घालून घेऊन गेले. मेंढपाळीण माझ्याच वयाची. तिने त्याचे पंजे दाबून पाहिले आणि त्याला थेट कोकरांच्या जाळीत सोडलं.

"दीदी, हात नहीं लगाना. ये भेड़ को ही अपना घर समझे, बस. बाकी काम बुढ़िया सिखा देगी." बुढ़िया म्हणजे ती थकलेली कुत्री.

मी हो म्हटलं आणि घरी येऊन यादी केली: जंताचं औषध, रेबीजची लस, थंडीसाठी पोतं, दूधपोळी. आधी रविवारी, मग बुधवारीही स्कूटर काढायला लागले. पिल्लाला मांडीवर घेऊन भरवायचे. पोट भरलं की ते माझ्या कोपरात नाक खुपसून झोपायचं.

नवरा म्हणाला, "तू तं त्याची मायच होऊन राहिली. मंग तो काम काहून करन?"

एका दुपारी कोकरं शेजारच्या शेतातल्या लाखोळीच्या पिकात शिरली. बुढ़िया त्यांना वळवायला एकटीच धावली. पिल्लू मात्र स्कूटरचा आवाज ऐकून माझ्याकडे आलं. ती धापा टाकत कोकरं घेऊन परतली तेव्हा हे माझ्या चपलांवर बसलं होतं.

मेंढपाळीण चिडली नाही. "आठ दिन में डेरा उठेगा. ये हर गाड़ी में तुमको ढूँढेगा, ट्रक के नीचे आ जाएगा. ऐसा ही रहा तो साथ नहीं ले जाऊँगी."

"मग मी घरी नेते," मी म्हटलं.

"ले जाओ. दिन भर ताले में रखोगी?"

आम्ही दोघंही ऑफिसला जातो.

"तो अब तुम ही भगाओ. मेरी नहीं सुनेगा."

दुसऱ्या दिवसापासून पाच दिवसांची रजा टाकली. पिल्लू धावत आलं. "हट!" म्हटलं तर खेळ समजून पोट वर करून लोळलं. मग मी खरंच ओरडले. ते उठलं, कान पाडून माझ्याकडे बघत राहिलं. मी पाठ फिरवून बांधावर बसले. असे चार दिवस. चौथ्या दिवशी ते अर्ध्या वाटेवरच थांबलं.

पाचव्या दिवशी एक कोकरू पुन्हा लाखोळीकडे निघालं. बुढ़िया उठायच्या आत पिल्लू सुटलं. चुकीच्या बाजूने गेलं, नको तितकं भुंकलं, चिखलात आपटलं. पण कोकरू आणि पिकाच्या मध्ये जाऊन उभं राहिलं.

"उल्टा गया," मेंढपाळीण हसली, "पर गया!"

डेरा उठला त्या सकाळी मी स्कूटर गावातच लावून चालत गेले. कळप रस्त्याला लागत होता. पिल्लाने मला पाहिलं, शेपटी दोनदा हलवली. तेवढ्यात मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. पिल्लू वळलं आणि कोकरांच्या आणखी आत शिरलं.