बैलांच्या गोठ्यातला पिचर

खेळाडूंच्या खिशातून धुताना सूर्यफुलाच्या बिया निघतात, च्युइंगगम निघतं. ते टाकून देता येतं. किस्से मात्र साठत जातात. माझा नवरा अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंग गावी हॉटेलात आचारी आणि मी जवळच्याच फ्रिस्कोच्या एका बेसबॉल क्लबात लॉन्ड्रीला. शिक्षण चौथी. तिथले निम्मे किस्से एकट्या डॅनीचे. पुढे ज्याला मोठ्या लीगमध्ये बेस्ट पिचरचं अवॉर्ड मिळालं, तोच. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त धावत येत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात कोच म्हणाला, "टॉवेल बुलपेनमध्ये नेऊन दे." बुल म्हणजे बैल, एवढं इंग्लिश मला येतं. गमबूट चढवून गेले. बघते तर पिचर मंडळी हात मोकळे करतायत. डॅनीने बुटांचं कारण विचारलं, मी सांगितलं. "काकू, बरोबर जागी आलात," म्हणाला आणि हंबरला.

*

एकदा डॅनीने टाकला आणि अंपायर ओरडला, "बॉल." पुन्हा टाकला, पुन्हा "बॉल." मॅचनंतर मी डॅनीला म्हटलं, "बॉलच आहे तो. नारळ असणार का?"

"काकू, चुकीचा पडला की बॉल म्हणतात. बरोबर पडला की स्ट्राइक."

"आमच्याकडे स्ट्राइक झाला की काम बंद पडतं."

"इथेही. बॅटवाल्याचं."

*

एकदा त्याने न धुतलेल्या मोज्यांत सलग पाच मॅच जिंकल्या. लॉन्ड्रीत उभं राहवेना, म्हणून मी ते ब्लीचमध्ये टाकले. सहावी मॅच हरला. दारात येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही माझं लक धुतलंत."

म्हटलं, "धुतल्यावर गेलं ना? मग तो मळ होता."

आठवडाभर टीममधलं कुणी माझ्याशी बोललं नाही. वास मात्र गेला.

*

मग त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वर्षभराने परतला तेव्हा क्लबने एकच मॅच दिली. मोठ्या टीमचा माणूस बघायला येणार. नीट टाकलं तर वर, नाहीतर कायमचं घरी.

नऊपैकी सहा डाव झाले, समोरच्यांना एकही हिट, म्हणजे धड बसलेला फटका, मिळाली नव्हती. अशा वेळी पिचरशी अक्षर बोलायचं नाही, बोललं की बिघडतं, असा त्यांचा नियम. बाकावर डॅनी एका टोकाला आणि बाकीचे दुसऱ्या टोकाला, सुतक पडल्यासारखे. मी टॉवेल घेऊन गेले. पोराने एक घेतला आणि नुसता पिळत बसला. नियम गेला खड्ड्यात. विचारलं, "जेवलास का?"

कोचने डोळे मिटून घेतले.

"नाही," डॅनी म्हणाला. "सकाळपासून घशाखाली काही उतरत नाही."

माझ्या डब्यातल्या पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून हातात दिली. खाल्ली आणि गेला.

पहिलाच बॉल बॅटवाल्याने टोलवला, थेट मैदानाबाहेर.

अख्खा बाक वळून माझ्याकडे बघायला लागला. मीही बघितलं त्यांच्याकडे. घाबरते की काय. डॅनीने टोपी सारखी केली आणि पुढचे तिघे एकापाठोपाठ एक बाद करून डाव संपवला. येऊन थेट माझ्याशेजारी बसला. "काकू, अजून आहे?"

मी डबा उघडला. कोच सरकत सरकत आमच्या टोकाला आला.

"दोन असतील," तो म्हणाला, "तर एक इकडे."