काळयानाचा मिस्त्री

साठ-एकसष्ट सालच्या सुमाराला आमच्या वऱ्हाडात दर महिन्याला एक पातळ पुस्तक निघायचं. मळकट कागद, भडक मुखपृष्ठ आणि आत कायम एकच नायक. तो शास्त्रज्ञ होता, त्याच्याकडे काळयान नावाचं यंत्र होतं, आणि त्यात आपली भाची आणि एक पैलवान यांना बसवून तो मागच्या शतकांत हिंडून यायचा. अमरावतीला राजापेठेतल्या एका छापखान्यातून ही मालिका निघे. अकोल्याच्या मोटार स्टँडवर पानवाल्याच्या दुकानात, बिड्यांच्या बंडलांशेजारी ती पुस्तकं दोरीला टांगलेली असत. आता त्या मालिकेचं नावही कोणाला आठवत नाही. बरंच झालं. मला मात्र ती विसरता येत नाही, कारण त्यातली बरीच पुस्तकं मी लिहिलेली आहेत.

मुखपृष्ठावर नाव असायचं प्राध्यापकांचं. ते अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. मी अकोल्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. घरातला पहिलाच मॅट्रिक, त्यामुळे हाताला लागेल ते वाचायची हाव. या मालिकेची पहिली चार-पाच पुस्तकं वाचली आणि माझं डोकं फिरलं. काळयान म्हणजे काय, तर नायक एक दांडा ओढतो, धूर निघतो आणि मंडळी थेट यादवांच्या राज्यात. माझा बा कापसाच्या जिनिंगच्या इंजिनघरात तेल घालायचा. नुसता दांडा ओढून इंजिन चालत नाही, हे मला पाळण्यापासून ठाऊक. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती गाठली आणि छापखान्याच्या मालकाला हे तोंडावर सांगितलं.

मालक म्हणाला, "मले काय सांगून राहिले? मी फक्त छापतो. सरले सांगा." आणि तोच मला सरांच्या घरी घेऊन गेला.

प्राध्यापक रागावले नाहीत, उलट खुलले. "मग यंत्राचा भाग तुम्हीच लिहा की," म्हणाले. मी लिहिला. पुढच्या खेपेला म्हणाले, प्रवासाचाही लिहा. वर्षभरात असं झालं की दर शनिवारी चहा पिता पिता ते गोष्टीचा सांगाडा सांगायचे आणि त्यावर मांस मी चढवायचो. एक प्रकरण मात्र त्यांनी कधी हातचं सोडलं नाही, ते म्हणजे पंगतीचं. काळयान जिथं उतरेल तिथला राजा नाहीतर पाटील नायकाला जेवायला बोलावणार आणि मग पंगत पानंच्या पानं चालणार, हा त्या मालिकेचा रिवाजच होता. प्राध्यापकांना खायची आवड आणि खाण्याबद्दल लिहायची त्याहून जास्त. खाणावळीत जेवणारे विद्यार्थी म्हणे तेच प्रकरण आधी वाचायचे. यादवांच्या काळातल्या एका पंगतीत त्यांनी बटाट्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला होता. मी म्हटलं, "सर, या दोन्ही गोष्टी तेव्हा आपल्या देशात आलेल्या नव्हत्या."

"अहो, नायकानं नेल्या असतील बरोबर," ते म्हणाले. इतिहासाचे प्राध्यापक!

मी हसलो आणि सोडून दिलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मालिकेत मी एक नवा सोबती आणला होता. खेड्यातला माणूस, शिक्षण फारसं नाही, पण काळयान बिघडलं की त्याचेच हात लागायचे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. काळयानामागचं शास्त्र नायकाला ठाऊक, पण मिस्त्री आल्यापासून ते प्रत्यक्ष चालवायचा तोच. यंत्रावर तळवा ठेवून, डोळे मिटून तो आधी ऐकायचा आणि मग पाना उचलायचा. ही लकब माझ्या बाची. जिनिंगमध्ये इंजिन अडलं की बाला हाक मारत, पण जन्मभर तो तेलवालाच राहिला. मिस्त्री म्हणवून घेणारा माणूस वेगळा होता. मी बाला पुस्तकात बढती देऊन टाकली आणि मनात स्वतःवर फार खूश झालो.

बाला वाचता येत नव्हतं. रविवारी दुपारी तो अंगणात बाजेवर बसायचा आणि मी वाचून दाखवायचो. मिस्त्री आला त्या पहिल्याच पुस्तकाला त्यानं मला मध्येच थांबवलं. "हा आपल्यातला हाय काय?"

मी हो म्हटलं. पुस्तकात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बानं ते धरून ठेवलं. मग नायक, भाची, पैलवान यांच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नाही. "मिस्त्रीचं वाच," एवढंच म्हणायचा. आणि पंगतीचं प्रकरण सुरू झालं की गप्प बसायचा, कारण ते प्रकरण प्राध्यापकांचं आणि त्यात मिस्त्री नसायचाच. सगळं पुस्तकभर हिंडणारा माणूस जेवणाच्या वेळेला गायब. तिसऱ्या का चौथ्या पुस्तकाला बानं विचारलं, "हा जेवते कोठी?"

मी तोच प्रश्न प्राध्यापकांना विचारला. ते चपापले. "अरेच्चा, राहिलंच की. लक्षातच आलं नाही माझ्या."

त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माणूस सुधारकी वळणाचा. एकदा व्याख्यानाला अकोल्याला आले असताना मुद्दाम आमच्या घरी चहाला आले, छप्पन साली आम्ही धम्म घेतला म्हणून बाचं अभिनंदन केलं, मायनं शेजारून मागून आणलेल्या कपबशीतून चहा प्याले. पुढे तो चहा त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात येऊ लागला. आम्ही एकदाच पाजला, ते गावोगाव पीत राहिले. अशा माणसाच्या लक्षात आलं नाही, हे मला शिवीपेक्षा जड गेलं. शिवी देणाऱ्याला निदान समोर माणूस दिसलेला असतो. तसं मी त्यांना बोलून दाखवलं नाही, फक्त पुढच्या पुस्तकाची वाट पाहत राहिलो.

पुढच्या पुस्तकाच्या वेळेला प्राध्यापकांना परीक्षेचे पेपर तपासायला नागपूरला जावं लागलं. जाताना म्हणाले, "या खेपेची पंगत तुम्हीच वाढा. गोडधोड जरा सढळ हातानं."

मी वाढली. आमचं मूळ गाव अंजनगाव सुर्जीकडचं. बा लहान असताना तिथं पाटलाच्या वाड्यावर पंगत असली की तो आपल्या बापाबरोबर गोठ्यामागे बसून राहायचा, पानं उचलली जाईपर्यंत. मग जे मिळायचं ते घेऊन घरी. हे त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, तेही बिडी ओढत, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. मी ते सगळं पुस्तकातल्या यादवकाळच्या गावात नेऊन ठेवलं. मिस्त्रीला दाराशी जात विचारली. त्यानं खरी सांगितली. त्याला गोठ्याची वाट दाखवली. आत नायकाच्या पानावर भात पडलेला. त्यानं विचारलं, आमचा चौथा माणूस कुठं आहे? आणि उत्तर ऐकून तो उठला. भाषण नाही, मारामारी नाही. पानाला नमस्कार करून उठला, त्याच्यामागे भाची उठली, पैलवान दोन पोळ्या हातात घेऊन उठला, आणि चौघं काळयानात बसून निघून गेले. आयुष्यात मी याहून चांगलं काही लिहिलं नाही.

ते मनात मावेना म्हणून मी बाला आधीच सांगून टाकलं. "या महिन्यात तो साहेब पानावरून उठते, बा. मिस्त्रीसाठी."

"पाहू," बा म्हणाला. पण त्या महिन्यात पुस्तक आलं काय म्हणून त्यानं मला दोनदा विचारलं. माझ्या मॅट्रिकचा निकालही या माणसानं असा विचारला नव्हता.

पुस्तक आलं. मी ते चाळलंही नाही. आपलंच लिहिलेलं, त्यात काय चाळायचं? रविवारी बाजेशेजारी बसून सरळ वाचायला घेतलं. माय सुपात तूर पाखडत होती. प्रवास झाला, गाव आलं, पंगत मांडली. पानात मिरचीचा ठेचा आला तेव्हा मला पहिली शंका आली, कारण तो मी वाढलेला नव्हता. पण जीभ पुढे धावत होती.

"मिस्त्री दाराशीच थबकला आणि हसून म्हणाला, 'आपण जेवून घ्या, साहेब. यंत्राजवळ कुणीतरी हवंच.' त्याचा तो समजूतदारपणा पाहून नायकाचे डोळे पाणावले." आणि पुढच्याच ओळीत वाढप्यानं पुरणपोळीवर तूप सोडलं.

मी थांबलो. मला माझं लिहिलेलं पाठ होतं, पुस्तकाकडे बघत तेच म्हणून दाखवता आलं असतं, बाला कळलं नसतं. पण ते वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. बा म्हणाला, "वाच ना." मी वाचलं. दोन पानं पुरणपोळी, मग कोशिंबिरी, मग विडे. मला बापासमोर इतकी लाज दुसऱ्या कशाचीच कधी वाटली नाही.

पुस्तक मिटल्यावर बानं विचारलं, "यंत्र चालोता कोनाले येते?"

"मिस्त्रीले."

"साहेबाले?"

"नाई."

"मंग हे समदे आत जेवून राहिले, अन् तो बाहेर यंत्राजोळ एकटा. निंगून काहून नाई गेला?"

मायचं सूप थांबलं.

पुढच्या शनिवारी मी अमरावतीला गेलो. प्राध्यापक छापखान्यातच भेटले. नागपूरहून लवकर परतले होते, आल्या आल्या त्यांनी मुद्रितं मागवून पाहिली होती. "प्रकरण तुमचं झकास होतं हो," म्हणाले, "पण काळप्रवासाचा एक नियम असतो. भूतकाळात ढवळाढवळ करायची नाही. नायक असा भर पंगतीतून उठला तर त्या गावाचा इतिहासच बदलून जाईल."

या नायकानं दुसऱ्याच पुस्तकात एका बाईला सरणावरून ओढून काढलं होतं. एका किल्लेदाराला दारूगोळा करायला शिकवला होता. आपण हरलेली एक लढाई चक्क जिंकून दिली होती, आणि ती तर प्राध्यापकांनी स्वतः सुचवली होती. तेव्हा हा नियम कुठं झोपला होता? मिरची देशात यायच्या आधी तिचा ठेचा पंगतीत वाढला, तरी इतिहासाला साधा ठसका लागला नाही. आणि एक माणूस पानावरून उठला की तो कोसळणार! हे सगळं मी मोठ्या आवाजात बोललो. अक्षरं जुळवणारे जुळारी हातातले खिळे तसेच ठेवून बघायला लागले.

प्राध्यापक शांत होते. "तुम्ही चिडलात. अहो, मिस्त्रीला मी किती मोठा करून ठेवलाय. वाचक रडतील त्या वाक्याला."

मग मी बाचा प्रश्न विचारला. यंत्र एकट्या मिस्त्रीला येतं, तर तो यांना तिथंच सोडून निघून का गेला नाही?

प्राध्यापकांना मनापासून हसू आलं. "नायकाला भूतकाळात सोडून? मग मालिका संपलीच की!" मालकही हसला. त्यांना खरंच गंमत वाटली होती, आणि मला त्याच गोष्टीचा राग आला. आजही येतो.

दुसऱ्या दिवशी बाला सांगितलं, "तो निंगून गेला असता तं गोष्टच संपली असती म्हन्ते सर."

बा पायातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग संपू द्याची होती."

मी पुन्हा छापखान्याची पायरी चढलो नाही. प्राध्यापकांचे एक-दोन निरोप आले, मग तेही थांबले. गरज सरो वैद्य मरो. माझ्यावाचून त्यांचं अडेल अशी माझी समजूत होती, पण त्यांना कॉलेजातलाच कोणी लिहिणारा मिळाला आणि मालिका पुढेही बरीच वर्षं चालली. मी विकत घेत नसे. मात्र नवा अंक टांगलेला दिसला की स्टँडवर उभ्या उभ्या पंगतीचं प्रकरण तेवढं उघडून बघायचो. प्राध्यापकांचं खरं झालं होतं, ते वाक्य वाचकांना फार आवडलं होतं. म्हणून मिस्त्री आता न चुकता त्या प्रकरणात असायचा आणि दर महिन्याला तेच म्हणायचा, "आपण जेवून घ्या, साहेब." मी निघून आलो होतो. माझ्या बापावरून केलेला तो माणूस मला तिथून बाहेर काढता आला नाही. कधी राजाच्या, कधी पाटलाच्या दाराबाहेर, मंडळी विडा चघळत येईपर्यंत तो उभा असायचा, आणि ते यंत्र त्याच्याशिवाय कोणालाच चालवता येत नव्हतं.