रान तयार ठेवा

दोन हजार तेवीस साल. मला सदुसष्टावं लागलं होतं. दिवाळी होऊन गेली होती, आणि मी पलूसच्या अलीकडं एका शेताच्या बांधावर ट्रॅक्टर बंद करून खाली उतरलो होतो. ट्रॅक्टरच्या मागं माझं ऊस लागणीचं यंत्र. समोर रान. रानात सऱ्या सोडलेल्या, आणि सऱ्यांत पाणी. सकाळच्या उन्हात नुसतं चमकत होतं.

बांधावर रानाचे मालक बापू उभे होते. धोतर वर खोचलेलं, हातात खोरं, तोंडावर समाधान. म्हणाले, "या. रान तयार हाय. लाईट रातची हुती, तरी पाजलंय."

मी वाकून सरीतल्या पाण्यात बोट बुडवून बघितलं.

ज्यांनी ऊस फक्त रसाच्या गाड्यावर बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. ऊस बी पेरून लावत नाहीत. उसाचे तुकडे लावतात, त्याला कांडी म्हणायचं. कांडीला डोळा असतो, तिथनं कोंब फुटतो. आमच्या कृष्णाकाठी पहिल्यापासून लागण ओली. आधी सरी सोडायची, मग सरीत पाणी, मग चिखलात कांडी ठेवून पायानं दाबायची. मी स्वतः लय वर्षं हेच केलं. चौथीतनं शाळा सोडली ती लागणीच्या टोळीतच गेलो, आणि पुढं टोळी माझीच झाली. मग टोळीला माणसं मिळेनात. पोरं एमआयडीसीत गेली. म्हणून साठी ओलांडल्यावर मी यंत्र घेतलं, आणि चालवायलाही मीच शिकलो. ड्रायव्हर ठेवला नाही.

यंत्राचं सगळं उलटं. त्याला रान कोरडं लागतं, भुसभुशीत आणि सपाट. मागं दोन सीट असतात. त्यावर बसलेली दोन माणसं अख्खा ऊस नळ्यात सोडत जातात. यंत्र स्वतःच सरी पाडतं, ऊस तोडून कांडी टाकतं, खत टाकतं, वरनं माती ओढतं. पाणी द्यायचं ते सगळ्यात शेवटी. चिखलात घातलं तर ट्रॅक्टर पोटापर्यंत बसतो.

मला बोलावलं होतं सुनंदानं, बापूंच्या सुनेनं. तिचा नवरा विलास फौजेत हवालदार. दरसाल तो रजा काढून लागणीला यायचा. यंदा त्याचं मन फिरलं होतं. रजेचा भरवसा नाही, बापूंचे गुडघे गेलेले, माणसं मिळत नाहीत. तर रान भावकीतल्या एकाला वाट्यानं देऊन टाकू, असं तो म्हणत होता. सुनंदाला ते नको होतं. तिचं म्हणणं, यंत्रानं लागण करून दाखवते, मग बोला. विलासची रजा संपत आली होती, दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गाडीत बसणार होता. म्हणजे दाखवायचं ते आजच.

फोनवर तिनं विचारलं होतं, काय तयारी करू. मी म्हणालो होतो, रान तयार ठेवा. तिनं सासऱ्यांना तोच निरोप दिला आणि स्वतः बेण्याच्या, म्हणजे लावायच्या उसाच्या मागं लागली. बापूंनी रान तयार केलं. त्यांच्या हिशेबानं.

"बापू, ह्यात मी टॅक्टर कसा घालू?"

"मंग लागण कुठं करणार? डांबरीवर?"

"आवं, तयार म्हंजे कोरडं. सरी नको, पाणी नको."

"मी जलमभर ज्याला तयार म्हणतोय ते हेच," बापू म्हणाले. "यंत्र तुमचं असंल तात्या. शब्द आमचा हाय."

मी माघार घेतली नाही. मी तयार म्हणालो होतो आणि त्याचा अर्थ कोरडं असाच होता. बराच वेळ आम्ही दोघं बांधावर तेच तेच म्हणत राहिलो. माझ्या यंत्रावर बसणाऱ्या दोघीजणी, शेवंता आणि तिची जाऊ, पदराआड हसत होत्या. शेवंता पूर्वी माझ्या टोळीत होती. जीभ कोयत्यासारखी. ती म्हणाली, "दोगं बी बरोबर हाय. आता लागण तेवढी चुकीची करूया."

विलास मोटरसायकलवरनं उतरला, रान बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तात्या, ऱ्हाऊद्या. तुमच्या डिझेलचं काय ते बघतो. मी भावकीला सांगून टाकतो."

सुनंदा उसाच्या मोळीजवळ उभी होती. तिनं ऐकलं. मोळीचा सुटलेला बंध फक्त परत आवळला.

मला तिचं वाईट वाटलं हे खरं. पण त्याहून खरं सांगायचं तर मी बांधावरनं परत जाणारा माणूस नाही. यंत्र घेतल्यापासून कुठल्या रानातनं ते न चालवता परत आणलं नव्हतं. मी विलासला म्हणालो, जरा दम धर, आणि चपला काढून रानात शिरलो.

ओलं रान सुकत सुकत एका जागी येतं. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, आणि टाकला तर फुटतो. त्याला वापसा म्हणतात. काळ्या रानाला पाणी पाजलं की वापसा यायला आठवडा तरी जातो. विलासकडं आठवडा नव्हता. पण वरच्या अंगाला गेलो तर माती पायाला चिकटेना. बापूंनी अंधारात खालच्या अंगापासून पाजत आणलं होतं, लाईट पहाटे गेली, आणि वरच्या निम्म्या तुकड्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. तिथं सऱ्या होत्या, पण कोरड्या.

मी परत आलो आणि सांगितलं. वरचा तुकडा माझा. खालचा बापूंचा. वर यंत्र, खाली पाय. आजच्या आज.

गावातनं एकाचा रोटाव्हेटर आणला. माती भुसभुशीत करायचं ते अवजार. यंत्र सोडून ठेवलं, ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडला आणि वरच्या सऱ्या मोडायला घेतल्या. बापूंनी तोंड फिरवलं. "वाढल्यालं ताट उचलाय लागलाईसा," एवढंच म्हणाले. विलासनं खोरं घेऊन मधी मातीचा आडवा बांध घातला, खालच्या सऱ्यांतलं पाणी मोडलेल्या रानात पसरू नये म्हणून. फौजी माणूस, सांगितलेलं काम मुकाट करतो. रान सपाट झालं, आणि मी परत यंत्र जोडलं.

आता खरी अडचण. खाली चिखलात लागण करायला जाणतं माणूस पाहिजे. ते शेवंताच. ती खाली गेली तर यंत्रावरची एक सीट रिकामी.

"मी बसती," सुनंदा म्हणाली.

बापू मोळी सोडत होते, ते थांबले. "सून यंत्रावर? भावकी बघतीया."

शेवंता चिखलात उतरत होती, तिथनंच म्हणाली, "बघूदे की. रान पायजे हुतं न्हवं त्यांना? लागण कशी करत्यात ते तरी कळंल."

बापूंनी परत मोळी सोडायला घेतली. सुनंदानं पदर खोचला आणि सीटवर चढली.

या सीटवर माणूस माझ्याकडं पाठ करून बसतो. पुढचं दिसत नाही, मागं जाणारी माती दिसते. नव्या माणसाची नजर त्या मातीवर जाते आणि हात थांबतो. हात थांबला की तेवढं रान रिकामं जातं. पहिल्या फेरीला तेच झालं. मी ट्रॅक्टर थांबवला, उतरलो, हातानं माती उकरून तिला दाखवलं. दोन ठिकाणी कांडी नव्हती.

"खाली बघू नगंस," मी म्हणालो. "हातातला ऊस सपायच्या आत दुसरा हातात पायजे. बाकी माज्यावर सोड."

"तुमी जरा हळू चालवा की."

एरवी मला कोणी असं सांगितलेलं चालत नाही. मी हळू चालवला. दुसऱ्या फेरीला एक जागा मोकळी गेली. तिसरीला मी उकरलं, पुढं उकरलं, आणखी पुढं उकरलं. सगळीकडं कांडी. मी पुन्हा ट्रॅक्टरवर चढलो तेव्हा तिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काय न्हाई. गिअर मात्र वरचा टाकला.

खाली वेगळीच मजा चालली होती. बापू बांधावर बसून कोयत्यानं कांड्या तोडत होते, विलास पाटीतनं नेऊन देत होता, आणि शेवंता पायानं दाबत पुढं चालली होती. मधी तिनं बापूंना हाक दिली. "बापू, सऱ्या तुमी भिजवल्या, जरा तुमी बी तुडवा." बापूंनी गुडघ्याकडं बोट दाखवलं. थोड्या वेळानं बघतो तर ते सरीत. मुलाच्या खांद्याला धरून, पण सरीत. तिथनं वर माझ्या यंत्राकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं.

दिवस मावळायच्या आत माझा तुकडा झाला. मग यंत्र बांधाला लावून मी, सुनंदा आणि शेवंताची जाऊ, तिघं खाली उतरलो आणि त्यांचा संपवला.

चहा घेताना विलास सुनंदाला म्हणाला, पुढल्या साली लागणीची तारीख तूच ठरव, मला नुसती कळव. भावकीचं नाव त्यानं काढलं नाही. सुनंदानं कपबशा गोळा केल्या. तिचे हात राखाडी झाले होते मातीनं, आणि ते तिनं धुतले नव्हते.

बापू म्हणाले, "पुढच्या वक्ताला मी रानाला हातच लावत न्हाई. मंग म्हणा तयार."

उगवण पुढं दोन्हीकडं चांगली झाली. बापू म्हणतात खालची जास्त, मी म्हणतो वरची. मोजायला आम्ही दोघंही तयार नाही. सुनंदा आता गावातल्या आणखी दोन घरांच्या लागणीला माझ्या यंत्रावर बसते.

मी चुकीचं सांगितलं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण यंत्र नवं असलं तरी माणसं जुन्याच शब्दांनी बोलतात, आणि जुन्या शब्दाचा अर्थ ज्याच्या त्याच्या घरात आधीच ठरलेला असतो. यंत्र विकणाऱ्यानं मला ग्रीस कुठं घालायचं ते सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं.

त्या लागणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन थेट कराडला पेंटरकडं गेलो. यंत्राच्या मागं लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिही म्हणालो: सरी नको, पाणी नको, रान कोरडं आणि सपाट. शेजारी उभा राहून एकेक अक्षर बघून घेतलं. पेंटर म्हणाला, "तात्या, लोक हसतील की."

मी म्हणालो, "हसूद्यात. हसायच्या आधी वाचावं तर लागंल."